देव आहे, तर मग हे असं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहा-बारा जण जमतो. पुस्तकावर बोलायचं ठरवून बसतो आणि तासाभरात गाडी याच विषयावर येते. २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर जास्तच. टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा ठेवलाय, त्यात चिठ्ठ्या पडतात. बाकीचे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर, कधी रात्री अकराला. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतलेत. शब्द विचारणाऱ्यांचे, शुद्धलेखन माझं. मी कीर्तनकार नाही आणि प्राध्यापकही नाही. दापोलीच्या किनाऱ्यावरचा निवृत्त मास्तर आहे, आणि घरची पोफळीची बाग होती.

१. नेमका प्रश्न काय आहे? सोप्या शब्दांत सांगा.

तीन वाक्यं घ्या. देव सगळं करू शकतो. देव दयाळू आहे. जगात दुःख आहे. यातली कुठलीही दोन एका बाकावर बसतात, तिसरं आलं की धक्काबुक्की सुरू. थांबवता येत असून थांबवत नसेल तर दया कुठे गेली? दया आहे पण थांबवता येत नसेल तर सामर्थ्य कुठे गेलं? हा पेच एपिक्युरस या ग्रीक विचारवंताच्या नावावर सांगतात, म्हणजे दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने त्याला पुन्हा धार लावली.

उत्तर देणारा प्रत्येक जण शेवटी या तीनपैकी एका वाक्याला कात्री लावतो, नाहीतर गुपचूप चौथं वाक्य जोडतो: ज्याला भोगावं लागतं त्याचा काहीतरी दोष असतोच. पुढची उत्तरं वाचताना कात्री कुठे लागते आहे तेवढं बघत जा.

२. हा प्रश्न तर पाश्चात्त्यांचा. आपल्याकडे कर्मसिद्धान्त आहे, मग आपल्याला तो कशाला पडावा?

पडला आहे, आणि नीट पडला आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात सूत्रच आहे: 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात् तथाहि दर्शयति'. वैषम्य म्हणजे पक्षपात, नैर्घृण्य म्हणजे निर्दयपणा. एकाला सुखात आणि एकाला हालात जन्माला घालणाऱ्या ईश्वरावर हे दोन आरोप येतात, हे सूत्रकाराने स्वतःच मांडलंय. उत्तर असं की ईश्वर प्राण्याच्या कर्माची अपेक्षा ठेवून, म्हणजे कर्म बघून फळ देतो, मनमानी करत नाही.

शंकराचार्यांनी यावर पावसाचं उदाहरण दिलं आहे. पाऊस भातावर पडतो तसाच जवावर पडतो. भाताचं भात होतं, जवाचे जव होतात, ते बियांमुळे. पाऊस दोघांना सारखाच. मग पहिलं बी कुठून आलं? पुढचं सूत्र म्हणतं, संसार अनादि आहे, पहिलं बी असं काही नाहीच.

आचार्य केरळचे, त्यामुळे पाऊस त्यांना आपल्याइतकाच माहीत होता. उदाहरण सुरेख आहे, आणि एका दमात देव निर्दोष सुटतो. माझी अडचण दोन ठिकाणी आहे. कर्माच्या हिशेबाबाहेर काही देता येत नसेल तर ईश्वराचं काम कारकुनाचं उरतं, म्हणजे पहिल्या वाक्याला थोडी कात्री लागलीच. आणि चौथं वाक्य इथे उघडपणे आत आलंय. त्याचं काय होतं ते पुढच्या प्रश्नात.

३. म्हणजे तळियेत गेलेल्या लोकांनी मागच्या जन्मी पाप केलं होतं?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, आणि विचारणारे दोन प्रकारचे. काही रागाने विचारतात, काहींना मनातून 'हो' ऐकायचं असतं, कारण 'हो' म्हटलं की आपण सुरक्षित.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. तान्ही मुलं होती, म्हातारी होती, त्या दिवशी सहज घरी राहिलेलीही होती. यांचं सगळ्यांचं पाप एकाच दुपारी एकाच वाडीत पिकलं, असं म्हणणाऱ्याने आधी त्यांचा हिशेब कुठे पाहिला ते सांगावं. गीता स्वतः म्हणते, 'गहना कर्मणो गतिः'. कर्माची गती गहन असेल तर ती शेजाऱ्याला ओट्यावर बसून वाचता येत नाही. दुसरं म्हणजे हा युक्तिवाद गोल फिरतो. पाप होतं कशावरून? दुःख आलं त्यावरून. दुःख का आलं? पाप होतं म्हणून.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, याच महाडचा. ज्यांना तळ्याचं पाणी घेऊ देत नव्हते त्यांनाही 'तुमचं पूर्वकर्म' असंच सांगितलं जाई. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं: गरिबाची आणि दलिताची अवस्था पूर्वजन्मावर ढकलली की समाज आणि सरकार जबाबदारीतून मोकळे. स्वतःच्या वाट्याला आलेल्या दुःखाबद्दल कोणी 'माझे भोग' म्हणाला तर मी वाद घालत नाही, त्याने धीर येत असेल. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून तेच म्हटलं की तो क्रूरपणा होतो, मग पाठीशी कितीही शास्त्र असो.

४. देवाने माणसाला स्वातंत्र्य दिलं, माणसाने माती खाल्ली. यात देवाचा काय दोष?

माणसाच्या हातून होणाऱ्या दुःखाला हे उत्तर बऱ्यापैकी पुरतं. विसाव्या शतकात यावर मोठा वाद झाला. १९५५ मध्ये जे. एल. मॅकी या निरीश्वरवादी तत्त्वज्ञाने म्हटलं की तीन वाक्यं एकत्र राहूच शकत नाहीत. पुढे अ‍ॅल्विन प्लांटिंगा या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने दाखवलं की खरंखुरं स्वातंत्र्य द्यायचं तर चुकीची शक्यता द्यावीच लागते, ती काढून घेतली तर उरतो तो कळसूत्री बाहुला. सर्वशक्तिमान असला तरी 'स्वतंत्र पण कधीच न चुकणारा' माणूस हमखास घडवणं त्याच्याही हातात नसेल. बऱ्याच निरीश्वरवादी अभ्यासकांनीही एवढं मान्य केलं की निव्वळ तर्काचा विरोधाभास सिद्ध होत नाही.

आपल्याकडे मात्र या उत्तराचा उलटा वापर जास्त होतो. माणसाची चूक देवाच्या नाहीतर निसर्गाच्या नावावर टाकायची. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला, दोन एस.टी. गाड्या नदीत गेल्या. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. गळतीबद्दल गावकरी आधीपासून सांगत होते. त्यावेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितलं, खेकड्यांनी धरण पोखरलं. त्या आठवड्यात आमच्या डब्यात चिठ्ठी आली: 'खेकड्यांना इच्छास्वातंत्र्य असतं का?' मला अजून त्याहून चांगली चिठ्ठी मिळालेली नाही.

५. पण वादळ, दरड, विंचू? यात कुठल्या माणसाने काय केलं?

इथे वरचं उत्तर अडकतं. स्वातंत्र्याचा मुद्दा दरडीला लागू होत नाही.

नेहमी दिलं जाणारं उत्तर नियमांचं आहे. जग नियमाने चालायला हवं, नाहीतर पेरलेलं उगवेल याचा भरवसा कसा धरायचा? जो सह्याद्री ढग अडवून पाऊस देतो त्याच्याच उतारावरची भिजून जड झालेली माती खाली येते. ज्या अरबी समुद्राच्या वाफेवर आपलं भात पिकतं, त्याच्याच उबेवर चक्रीवादळ पोसतं. एक ठेवून दुसरं काढता येत नाही.

बुद्धीला हे पटतं. ३ जून २०२० च्या दुपारी मला पटत नव्हतं. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढलं, वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. आम्ही स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीला टेकून बसलो होतो. कौलं आधी एकेक उडाली, मग ओळीने. पोफळ मोडताना आवाज येतो तो लाकडाचा नाही, ओला बांबू पिळल्यासारखा येतो. दीड तास तेच. संध्याकाळी मागचं दार उघडलं तर समुद्र दिसला. माझ्या जन्मात त्या दारातून समुद्र दिसला नव्हता, मध्ये बाग होती. आजोबांनी लावलेल्या पोफळी कुणी हाताने झोपवल्यासारख्या एका दिशेला पडलेल्या. शेंडा मोडला की पोफळ पुन्हा फुटत नाही. 'नियम आहेत म्हणून सुपारी येते आणि नियम आहेत म्हणून बाग गेली', हे त्या संध्याकाळीही खरंच होतं. फक्त इतका वारा कशाला, ताशी साठवर भागलं नसतं का, याचं उत्तर नियमात नाही.

१ नोव्हेंबर १७५५ ला, ख्रिस्ती लोकांच्या सर्व संतांच्या सणादिवशी, पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला भूकंप झाला. गोव्याचा कारभार तेव्हा तिथूनच चाले. देवळं भाविकांनी भरलेली होती. त्याच्या पंचेचाळीस वर्षं आधी लाइब्निझ या जर्मन तत्त्वज्ञाने लिहिलं होतं की असू शकतील त्या सगळ्या जगांत हे उत्तमातलं उत्तम आहे. लिस्बननंतर व्होल्तेअर या फ्रेंच लेखकाने या म्हणण्याची जी टर उडवली, ती अजून थांबलेली नाही.

राहिला विंचू. महाड भागात लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, मोठ्या संख्येने दगावत. डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९७० च्या दशकापासून तिथे राहून, एकेका रोग्याच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध यावर चालतं हे दाखवलं. मृत्यू झपाट्याने खाली आले. तोवर 'आयुष्याची दोरी तेवढीच' म्हणून सोडून देत होते. यावरून देव आहे किंवा नाही काहीच सिद्ध होत नाही. पण जे अटळ म्हणून देवाच्या खात्यावर लिहिलं होतं ते गोळीने टळणारं निघालं, एवढं ध्यानात राहू द्या.

६. दुःख मायाच आहे असं म्हटलं तर प्रश्नच मिटतो ना?

विंचू चावलेल्याला सांगून बघा. अद्वैतातही जग मिथ्या ठरतं ते ज्ञान झाल्यावर. तोवर व्यवहारात दुखणं खरं आणि औषधही खरं.

७. दुःखाने माणूस घडतो. तुकोबांनीच म्हटलंय ना?

म्हटलंय. 'बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली.' १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळातलं ते बोलणं आहे. भागवतात कुंतीही कृष्णाकडे संकटंच मागते, कारण संकटात त्याचं दर्शन होतं.

पण तुकोबांचीच दुसरी ओळ आहे: 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.' दुष्काळाने तुकोबा घडले असतील. ती घडली नाही, ती उपाशी मेली. एकाच्या घडण्यासाठी दुसऱ्याचा जीव ही किंमत कोणी ठरवली, हा प्रश्न तुकोबांच्या वैराग्याने सुटत नाही. आणि तुकोबांनीही तो सुटला असं कुठे म्हटलं नाही. 'बरं झालं' हे ज्याचं दिवाळं निघालं त्याने म्हणायचं वाक्य आहे. सावकाराने किंवा शेजाऱ्याने म्हणायचं नव्हे.

दुःखाने काही माणसं मऊ होतात, हे पाहिलंय. तितकीच कडवट झालेलीही पाहिली आहेत.

८. लहान मुलांचं आणि मुक्या जनावरांचं काय? त्यांनी काय घडायचं?

याला माझ्याकडे उत्तर नाही. विल्यम रो या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये एक साधं उदाहरण मांडलं: जंगलात वणवा लागतो, एक पाडस होरपळतं, दिवसचे दिवस तडफडून मरतं, आणि हे कुणालाच कळत नाही. त्यातून कोण घडलं? कोणाचं स्वातंत्र्य जपलं? आपल्या डोंगरांना फाल्गुनात वणवे लागतात तेव्हा असं पाडस नक्की असतं. पूर्वजन्म आणायचा असेल तर प्रश्न ३ पुन्हा वाचा. श्रद्धावंत एवढंच म्हणू शकतो की कारण असेल, माझ्या आवाक्याबाहेर असेल. तसं म्हणणं चूक नाही. पण त्याला उत्तर म्हणू नये.

९. कौल घेऊनच होडी पाण्यात घातली. देवाने होकार दिला आणि पंधरा दिवसांत फुटली. आता देव खोटा की आम्ही?

बाहेरच्या वाचकांसाठी: देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या किंवा कळे चिकटवतात, प्रश्न सांगतात आणि कुठल्या बाजूचा पडतो ते बघतात. बहुतेक ठिकाणी उजवा म्हणजे होकार. कौल चुकला की दोन उत्तरं तयार असतात: प्रश्न नीट विचारला नाही, किंवा होकार त्या दिवसापुरता होता. ही उत्तरं कधीच हरू शकत नाहीत, म्हणून मला त्यांचा भरवसा वाटत नाही. होडीच्या फळीत सांध्याला कुजका भाग होता का, ते आधी बघा.

पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट दडलेली आहे. प्रश्न १ मधला देव सर्वशक्तिमान आहे. आपला ग्रामदेव तसा आहे असं कोणी म्हटलं? माझं आजोळ कुडाळकडचं. तिथे राखणदार असतो, आणि त्याला सीम, म्हणजे हद्द असते. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला लोक कातड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावातून फेरी मारतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा. चपला झिजणाऱ्या देवाला 'तू सर्वशक्तिमान असून वादळ का थांबवलं नाहीस' असं विचारणं म्हणजे गुरख्याला भूकंपाचा जाब विचारणं. तो जागा आहे, फिरतो आहे, आपल्या बाजूचा आहे. तरी चोरी होऊ शकते.

आणि या देवाशी बोलायची जी रीत आहे तिचं नावच बघा: गाऱ्हाणं. आजोळी देवळात गावकार पुढे उभा राहून 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरू करायचा, मागून सगळे 'व्हय म्हाराजा!' लहानपणी मला ते भांडणच वाटायचं. हात जोडलेले, पण सूर हक्काचा. अमक्याच्या घरात दुखणं आलं, तमक्याचं पीक गेलं, तू बसलास कशाला, इडापिडा टाळ, चुकलंमाकलं पदरात घे. म्हणजे आपल्याकडे प्रार्थनेलाच तक्रार म्हणतात. जगात दुःख आहे हे गृहीत धरूनच तिथे तोंड उघडतात. दुःख दिसलं म्हणून देवावरचा विश्वास उडावा, ही भानगड या देवळात येतच नाही, कारण दुःख नसतं तर देवळात जायचं कशाला?

यातही कात्री लागलीच आहे, पहिल्या वाक्याला. आणि खरं सांगायचं तर गाऱ्हाणं घालणारा तोच माणूस संध्याकाळी हरिपाठ म्हणताना 'सगळं त्याच्याच हातात' म्हणतो. दोन्ही देव एकाच देव्हाऱ्यात सुखाने राहतात. विसंगती आहे खरी, मलाही ती सोडवता आलेली नाही.

१०. देवावर रागावलो तर पाप लागतं का?

गाऱ्हाण्याचं वर सांगितलंच. तुकोबा तर रागाच्या भरात 'माझे लेखीं देव मेला' इथपर्यंत गेले, आणि तरी वारकरी त्यांच्या पादुका पालखीत घालून नेतात. ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथात ईयोब आहे. मुलंबाळं, गुरंढोरं, अंगाची कातडी सगळं गेल्यावर तो देवाला उभा-आडवा घेतो, माझा गुन्हा दाखव म्हणतो. त्याचे मित्र देवाची बाजू घेतात: तू काहीतरी केलंच असशील. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर, ईयोबावर नाही. देवाची वकिली करणाऱ्यांनी ही गोष्ट अधूनमधून वाचावी.

११. आपले मुसलमान आणि ज्यू शेजारी याबद्दल काय म्हणतात?

ईयोबच कुराणात अय्यूब म्हणून येतो, सबर म्हणजे धीर धरण्याचा आदर्श म्हणून. आमच्या खाडीपलीकडच्या मोहल्ल्यात कोणी गेलं की 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन' ऐकू येतं: आम्ही अल्लाहचे आहोत आणि त्याच्याचकडे परतणार आहोत. त्यात मयताच्या पापाचा शब्दही नाही, कारण काय याचाही नाही. कोणाचे होतो एवढंच. मला हे 'भोग' या शब्दापेक्षा जास्त माणुसकीचं वाटतं, आणि हे मी घरात बोललो तेव्हा वाद झाला.

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची गोष्ट प्रश्न १२ मध्ये येते.

१२. बचावलेला 'देवाने वाचवलं' म्हणतो. मग बुडालेल्यांना देवाने बुडवलं का?

१७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. घरी सणाला निघालेली अलिबागकडची पुष्कळ. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. काही जण पोहत, काही मचव्यांच्या आधाराने वाचले. वाचलेल्याच्या घरी सत्यनारायण झाला असेल, शेजारच्या घरी दहावा.

बेने इस्रायली समाजाची मूळकथाही फुटलेल्या गलबताचीच. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर सात पुरुष आणि सात बायका जिवंत लागल्या, बाकीचे बुडाले, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून शनवार तेली. एक अख्खा समाज चौदा वाचलेल्यांपासून मोजतो. पण नवगावला बुडालेल्यांच्या दफनाची जागाही त्यांनी पिढ्यानपिढ्या लक्षात ठेवली आहे. मला यात उत्तर सापडतं असं नाही, पण वागण्याची रीत सापडते.

कृतज्ञता आणि स्पष्टीकरण वेगळे ठेवा. 'देवाची कृपा' हा वाचलेल्याच्या तोंडून निघालेला सुस्कारा आहे, तोवर ठीक. त्याचा नियम केला की दुसऱ्या घरावर आरोप होतो. एस.टी. चुकली म्हणून वाचलो असं सांगताना समोर कोण बसलंय ते बघावं.

१३. नवस फेडायचा राहिला म्हणून मुलगा आजारी पडला का?

नाही. विसरलेल्या नारळासाठी पोराला ताप देणारा सावकार झाला, देव नव्हे. मनाला टोचत असेल तर फेडून टाका. पण लावणीच्या दिवसांत चिखलात उतरलेल्या माणसाला ताप आला तर आधी लेप्टोची, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या त्या तापाची तपासणी.

१४. देव नाहीच असं मानलं की सुटलो?

कोड्यातून सुटलात. 'का' विचारायला समोर कोणी नाही, म्हणजे विरोधाभासही नाही. हा प्रामाणिक मार्ग आहे, आमच्या रविवारच्या बैठकीत असे तिघे आहेत आणि पुरात सगळ्यात आधी चिखल उपसायला तेच जातात.

बुद्धांनी तर प्रश्नच बाजूला ठेवला. विषारी बाण लागलेला माणूस 'बाण कोणी मारला, त्याची जात कोणती, धनुष्य कशाचं' हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही म्हणाला, तर तो उत्तर मिळायच्या आधी मरेल. बाण काढा.

मात्र दुःख तेवढंच राहतं, आणि गाऱ्हाणं घालायला जागा राहत नाही. काहींना त्याची गरज नसते. मला आहे.

१५. ज्याच्या घरात असं घडलंय त्याला भेटायला जाऊन काय बोलायचं?

काय बोलायचं नाही ते आधी. 'देवाला आवडला.' 'सुटला बिचारा.' 'यातून काहीतरी चांगलंच होईल.' मी स्वतः हे केलंय. खाडीत मुलगा गेलेल्या एका बाईसमोर बसून 'देवाची इच्छा' म्हणालो. ती रडत नव्हती. म्हणाली, "मग आता पुढची काय इच्छा आहे त्याची, तेवढं विचारून या, मास्तर." चौदा वर्षं झाली, अजून त्या घरावरून जाताना मान खाली जाते.

ईयोबाच्या मित्रांनी एक गोष्ट बरोबर केली होती: पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द न बोलता. तोंड उघडलं तिथे बिघडलं. त्या घरात चूल पेटत नाही, तेव्हा पेज न्या, सोबत लोणच्याची फोड. गुरांना वैरण घाला. तलाठ्याकडे पंचनाम्याला कोणी जायचं असेल तर तुम्ही जा.

१६. तुमची बाग गेली. तुम्ही देवळात जाणं सोडलंत का?

हा प्रश्न सहा जणांनी विचारलाय, म्हणून उत्तर देतो. काही महिने गेलो नाही. पायऱ्यांवर झाड पडलं होतं हे कारण सांगत होतो, ते झाड आठवड्यात उचललं गेलं होतं.

तीन वाक्यं एकत्र राहू शकतात असं मला तर्काने वाटतं, आणि प्रश्न ८ मधलं पाडस आठवलं की वाटत नाही. यापलीकडे माझी मजल नाही. दिवा लावतो.

वादळानंतर दोनच दिवसांनी, ५ जूनला, वटपौर्णिमा होती. वीज नाही, फोन नाही, रस्ता बंद, वर लॉकडाऊन. देवळाजवळचा वड मुळासकट आडवा. आईचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर, आणि वडील तर सहा वर्षांपूर्वीच गेलेले, म्हणजे तिला पूजेचं कारणही नव्हतं. माझी बायको सूत घेऊन निघाली तशी तीही काठी घेऊन निघाली, 'बघून येते' म्हणून. फेरे घालायचे कसे? एका बाजूला खोड छातीएवढं उंच, दुसऱ्या बाजूला फांद्यांचा पसारा, खाली पत्रे. बायकांनी सूत आडव्या खोडावरून पलीकडे टाकायचं, पलीकडच्या बाईने खालून परत द्यायचं, असं सुरू केलं. तीन फेरे झाले आणि चौथ्याला सूत पत्र्यात अडकून तुटलं. आई काठीवर रेलून बघत होती. "बस करा," म्हणाली, "चार फेरे त्याच्याकडे बाकी ठेवा. त्याच्याकडे आपलं पण बरंच बाकी आहे."